आजचे व्हिडिओ गेम, उद्याचा टिकाऊ माल

व्यापाराच्या या पानावर व्हिडिओ गेमचा विषय पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. हा पोरांचा वेळखाऊ नाद, त्याचा तिजारतीशी काय संबंध, असे ते म्हणतील. आमचेही मत काही वर्षांपूर्वी याहून वेगळे नव्हते. परंतु कोणता माल टिकतो आणि कोणता पडून राहतो, हा प्रश्न प्रत्येक दुकानदाराचा आणि प्रत्येक कारागिराचा आहे. त्याचे उत्तर आज या धंद्यात जितके स्पष्ट दिसते, तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

एक अनुभव आधी सांगतो. टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांचा जमाना होता, तेव्हा आम्ही दुकानात त्यांच्या कॅसेट ठेवत होतो. एका घाऊक व्यापाऱ्याच्या शब्दावर विसंबून आम्ही दोन खोकी माल उचलला. वेष्टनावर '९९९९ खेळ एकाच कॅसेटमध्ये' असे छापलेले होते. आत खेळ होते दहा-बारा, तेच नावे बदलून पुन्हा पुन्हा दिलेले. तो माल नकली होता हेही आम्हांस उशिरा कळले. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले, काहींचे पैसे परत करावे लागले, आणि मोबाइल आल्यावर उरलेला माल तसाच पडून राहिला. मात्र एक गोष्ट लक्षात राहिली. त्या ढिगातून 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' या दोन खेळांच्या कॅसेट लोक पुढेही शोधत येत होते. बाकीच्यांची नावेसुद्धा कोणी विचारली नाहीत. असे का व्हावे?

टिकाऊपणाची कसोटी

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी 'द स्ट्राँग' नावाचे खेळ व खेळण्यांचे संग्रहालय आहे. तेथे २०१५ सालापासून श्रेष्ठ व्हिडिओ गेमची मानाची यादी ठेवली जाते. पहिल्याच वर्षी तीत 'पॅक-मॅन' (१९८०), 'टेट्रिस' (१९८४) आणि 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) यांचा समावेश झाला. आमच्या दुकानात शोधला जाणारा मारिओ तो हाच.

या यादीसाठी चार गोष्टी पाहिल्या जातात. खेळाची ओळख सर्वदूर आहे काय, तो बरीच वर्षे लोकप्रिय राहिला काय, देशांच्या सीमा त्याने ओलांडल्या काय, आणि नंतर झालेल्या खेळांवर किंवा समाजावर त्याचा प्रभाव पडला काय. यांपैकी प्रभाव पुरेसा मोठा असेल तर इतर बाबतींत थोडी सूटही मिळते.

२०११ साली पूर्ण स्वरूपात आलेला 'माइनक्राफ्ट' हा खेळ २०२० मध्ये या यादीत गेला. स्वीडनच्या मार्कुस पेर्सन यांनी तो २००९ मध्ये सुरू केला. ठोकळे खणायचे, ठोकळे रचायचे, एवढीच मूळ कल्पना. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला विकत घेतली आणि २०२३ पर्यंत खेळाच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे तो खेळ अभिजात ठरून गेला आहे. प्रश्न त्याच्या नंतरच्यांचा आहे. गेल्या दहा वर्षांतील कोणते खेळ आणखी वीस-तीस वर्षांनी लोक शोधत येतील? आम्हांस आवडलेले आणि या कसोटीला उतरतील असे वाटणारे काही खेळ पुढे देत आहोत.

एकट्या कारागिराचे शेत

पहिला मान 'स्टारड्यू व्हॅली'चा. हा खेळ २६ फेब्रुवारी २०१६ रोजी बाजारात आला. अमेरिकेतील सिएटल भागातील एरिक बॅरोन या तरुणाने तो एकट्याने बनवला. संगणकाची आज्ञावली त्याची, चित्रे त्याची, संगीत त्याचे आणि पात्रांचे संवादही त्याचेच. त्यासाठी त्याला साडेचार वर्षांच्या आसपास काळ लागला. या काळात तो एका नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करीत होता.

खेळाची गोष्ट साधी आहे. शहरातील कचेरीला कंटाळलेला माणूस आजोबांच्या पडीक शेतावर येतो. दगड-झुडपे काढतो, पेरणी करतो, पाणी घालतो, गावच्या लोकांशी ओळख वाढवतो. ही कल्पना 'हार्वेस्ट मून' या १९९६ च्या जपानी खेळमालिकेवरून सुचली, हे बॅरोन उघडपणे सांगतो. जुन्या उस्तादाचे काम पाहून शागिर्दाने त्यात स्वतःचा हात मिसळावा, तसे हे झाले.

व्यापाऱ्याने पाहण्याजोगी गोष्ट पुढची आहे. अमेरिकेत या खेळाची किंमत पहिल्या दिवशी सुमारे १५ डॉलर होती आणि खप वाढला म्हणून ती वाढवली गेली नाही. नंतर डिसेंबर २०२० मध्ये आणि मार्च २०२४ मध्ये मोठी भर घातली गेली. तीही आधीच्या गिऱ्हाइकांना फुकट मिळाली. डिसेंबर २०२४ पर्यंत खपाचा आकडा ४ कोटी १० लाखांवर पोहोचला. ज्याने एकदा पैसे दिले त्याला पुन्हा पुन्हा काही देत राहिल्याने नुकसान होत नाही, उलट तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दहा जणांना घेऊन येते, ही जुनी दुकानदारी येथे अक्षरशः खरी ठरली.

लहान कारखाना, नक्षीदार काम

दुसरा खेळ 'हॉलो नाइट'. ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड शहरी 'टीम चेरी' नावाचे मूठभर माणसांचे एक छोटे पथक आहे. त्यांनी २०१४ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे गोळा केले. ३५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले होते, सुमारे ५७ हजार जमले. फेब्रुवारी २०१७ मध्ये खेळ तयार झाला. जमिनीखालचे कीटकांचे एक उजाड राज्य आणि त्यात हिंडणारा एक चिमुकला योद्धा, असे त्याचे रूप आहे. चित्रे हाताने काढलेली आहेत आणि प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी दडवलेले आहे. खेळ अवघड आहे, पण फसवत नाही. हरल्यावर चूक आपलीच होती हे कळते, म्हणून माणूस पुन्हा बसतो.

आगाऊ पैसे देणाऱ्यांना एका नव्या नायिकेची भर देण्याचे वचन होते. ते काम वाढत गेले आणि त्याचा स्वतंत्र खेळ झाला. त्याचे नाव 'सिल्कसाँग'. त्याची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली आणि तो प्रत्यक्ष मिळाला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. साडेसहा वर्षे लोक वाट पाहत राहिले. विक्री सुरू होताच खरेदीदारांची एवढी झुंबड उडाली की मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांचे व्यवहार काही काळ अडले. किंमत ठेवली होती केवळ २० डॉलर. मूळ 'हॉलो नाइट'च्या तोपर्यंत दीड कोटी प्रती खपल्या होत्या.

आमच्या कारागीर बंधूंना वायदा चुकण्याची धास्ती असते, आणि ती योग्यच आहे. ईदचा जोडा ईदनंतर देऊन चालत नाही. परंतु काम कच्चे असताना हातावेगळे करणे हाही वायदाभंगच होय. या पथकाने दुसरा दोष पत्करला नाही, म्हणून गिऱ्हाइकाने पहिला दोष माफ केला.

पत्ते आहेत, जुगार नाही

तिसरा खेळ 'बालात्रो'. याबद्दल आमच्या वाचकांना थोडे खुलासेवार सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेला हा खेळ कॅनडातील एका माणसाने बनवला. तो 'लोकलथंक' या टोपणनावानेच ओळखला जातो. यात पोकरसारखे पत्त्यांचे डाव जुळवून गुण मिळवायचे असतात. विशेष जोकरांनी ते गुण कसे वाढतात, याचा हिशेब करणे हाच खेळाचा गाभा. यात पैसा लावता येत नाही आणि जिंकताही येत नाही. समोर दुसरा खेळाडूही नसतो. एकदा किंमत दिली की देणेघेणे संपले.

तरीही युरोपातील वयोमर्यादा ठरवणाऱ्या 'पेगी' या संस्थेने पत्त्यांची चित्रे पाहून त्याला १८ वर्षांवरील शिक्का मारला. निर्मात्याच्या बाजूने दाद मागण्यात आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो शिक्का १२ वर्षांवर आणला गेला. तोवर खेळाच्या ५० लाख प्रती खपल्या होत्या. आपल्या पश्चात हा खेळ कोणत्याही जुगाराच्या कंपनीला विकला जाऊ नये अशी तरतूद निर्मात्याने मृत्युपत्रात केल्याचे त्याने जाहीर केले आहे. धंद्याची हद्द स्वतः आखून घेणारा हा माणूस आम्हांस आवडला.

ज्यांना पत्त्यांचे रूपच नको असेल त्यांनी तो घेऊ नये, हे ओघानेच आले. परंतु फरक समजून घ्यावा. ज्यात पैसे लावून पैसे मिळण्याची आशा दाखवली जाते ते खेळ वेगळे. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा केला, त्यातही हीच रेघ ओढलेली आहे. पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी, आणि ई-स्पोर्ट्स व निव्वळ करमणुकीच्या खेळांना उत्तेजन. मोबाइलची दुकाने चालवणाऱ्या बंधूंनी गिऱ्हाइकाला एखादे ॲप बसवून देताना ही रेघ ध्यानात ठेवावी.

मोठ्या कारखान्यांचा माल

लहानांचेच कौतुक करून चालणार नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मार्च २०१७ मध्ये आला. समोर डोंगर दिसला तर चढता येतो. गवताला आग लागली तर ती वाऱ्याबरोबर पसरते. वादळात अंगावर लोखंड बाळगले तर वीज पडते. नियम थोडे, पण प्रत्येक ठिकाणी तेच लागू, म्हणून खेळणारा स्वतःच्या युक्तीने वाट काढतो. त्यानंतरच्या कितीतरी खेळांनी हे उचलले. प्रभावाची कसोटी म्हणतात ती हीच. स्विच यंत्रावर त्याच्या तीन कोटींहून अधिक प्रती गेल्या आहेत.

बेल्जियममधील गेंट शहरच्या 'लारियन स्टुडिओज'चा 'बॉल्डर्स गेट ३' ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण झाला. त्याआधी ऑक्टोबर २०२० पासून तो अपुऱ्या स्वरूपात, 'अपुरा आहे' असे स्पष्ट सांगून विकला जात होता आणि गिऱ्हाइकांच्या सूचनांवरून सुधारला जात होता. वर्षाच्या सर्वोत्कृष्ट खेळाचे बहुतेक सर्व मोठे मान त्याने मिळवले. तो निव्वळ प्रौढांसाठी आहे, मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. परंतु पूर्ण किंमत घेतल्यावर आत पुन्हा पैशाची मागणी न करण्याचे धोरण मोठ्या खर्चाच्या खेळालाही परवडते, हे त्याने दाखवून दिले.

बिघडलेला माल आणि दोन मार्ग

माल बिघडला तर काय करावे? याची दोन उदाहरणे बोलकी आहेत.

इंग्लंडमधील गिल्डफर्ड गावच्या 'हॅलो गेम्स' या छोट्या कंपनीचा 'नो मॅन्स स्काय' हा खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये आला. आधी जे बोलले गेले होते त्यातले बरेच काही प्रत्यक्षात नव्हते. लोक संतापले. कंपनीने बोलणे थांबवले आणि काम सुरू केले. वर्षामागून वर्षे तिने सुधारणा दिल्या आणि त्यांचे पैसे घेतले नाहीत. 'स्टीम' या दुकानावर गिऱ्हाइकांचे एकूण मत एकेकाळी अत्यंत वाईट होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते 'फार चांगले' या पायरीवर आले. गेलेली पत परत मिळवण्यास आठ वर्षे लागली.

दुसरे उदाहरण सोनीच्या 'काँकॉर्ड'चे. हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी ४० डॉलरला विकण्यास आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. खेळणारेच जमले नाहीत. गिऱ्हाइकांचे पैसे परत केले ही चांगली गोष्ट, परंतु तो बनवणारा कारखानाही पुढे ऑक्टोबरमध्ये बंद करण्यात आला. भांडवल होते, कारागीरही होते. मात्र त्याच घाटाचा माल इतर कंपन्या फुकट देत असताना आपला माल ४० डॉलर देऊन का घ्यावा, याचे उत्तर गिऱ्हाइकाला मिळाले नाही.

विकले की भाड्याने दिले?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खेळ कितीही उत्तम असला तरी तो चालू राहिला पाहिजे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' हा मोटारींचा खेळ २०१४ मध्ये विक्रीस आला. कंपनीच्या संगणकाशी जोडणी असल्याशिवाय तो चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने ती जोडणी तोडली. ज्यांनी पैसे मोजून तो घेतला होता, ज्यांच्या घरी तबकडी होती, त्यांच्याही हाती काही उरले नाही.

शिंप्याने शिवून दिलेला कुर्ता दहा वर्षांनी येऊन काढून नेला, तर आपण काय म्हणू? याच भावनेतून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिच्या मागणीवरील सह्यांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२५ च्या प्रारंभापासून एक कायदा लागू झाला. ज्या डिजिटल मालाचा केवळ वापराचा परवाना दिला जातो, तो 'खरेदी करा' असे म्हणून विकायचा असेल, तर ही गोष्ट गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावी लागते. सौद्यात गिऱ्हाइकाला काय मिळते आहे हे लपवू नये, हा बाजाराचा जुना नियम तेथे कायद्याने लिहावा लागला.

जुन्या खेळांची अवस्थाही चिंतेची आहे. अमेरिकेतील 'व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन'ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत तेथे निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळेनासे झाल्याचे आढळले. पोलंडचे 'गॉग' नावाचे ऑनलाइन दुकान २००८ पासून जुने खेळ दुरुस्त करून, कुलूप न लावता विकते. घेतलेला खेळ स्वतःजवळ साठवून ठेवता येतो. आमच्या मते उद्याचे अभिजात खेळ त्यांतूनच निघतील, जे मालकाच्या मर्जीवाचून चालतील. 'स्टारड्यू', 'हॉलो नाइट' आणि 'बालात्रो' हे तिन्ही इंटरनेटवाचून एकट्याने खेळता येतात, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

आडतीचा हिशेब

हे खेळ बनवणारे विकतात कोठे? संगणकावरील खेळांची सर्वांत मोठी पेढी म्हणजे अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीची 'स्टीम'. तेथे एक खेळ मांडण्यास १०० डॉलर भरावे लागतात. विक्रीवर साधारण ३० टक्के आडत कापली जाते. एका खेळाची विक्री १ कोटी डॉलरपुढे गेली तर पुढील रकमेवर २५ टक्के, आणि ५ कोटींपुढे २० टक्के. म्हणजे १५ डॉलरच्या खेळातून कर वगळता साडेदहा डॉलर बनवणाऱ्याच्या हाती येतात. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गिऱ्हाईक तो परत करू शकते. तेव्हा पहिल्या दोन तासांत माल पसंत पडलाच पाहिजे. आडत जड आहे खरी, पण गाळ्याचे भाडे नाही, वाहतूक नाही आणि उधारी तर मुळीच नाही.

आणि हे काम आपल्यापासून दूर नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ आणला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती कथा. त्यात राजस्थानी वास्तू आहेत, पहाडी चित्रशैलीचे रंग आहेत आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या गोष्टी आहेत. लोकांकडून आगाऊ पैसे जमवण्याचा त्यांचा २०१७ चा प्रयत्न फसला होता, तरी काम सोडले नाही. जाळी कोरणारा, बिदरीवर तार ठोकणारा, पैठणीचा मोर विणणारा यांच्या हातात जे आहे, त्याची या धंद्यालाही गरज पडते. ज्यांची मुले चित्र काढतात आणि संगणकही हाताळतात, त्यांनी ही दिशा विचारात घ्यावी. सर्वांनाच यश येते असे मात्र नाही. हजारो खेळ निघतात आणि बहुतेक विसरले जातात. चालता रोजगार सोडण्यापूर्वी बॅरोनचे अर्धवेळ काम आठवावे.

तात्पर्य

दुकानात तबकड्या किंवा कॅसेट ठेवणाऱ्यांना आमचा सल्ला असा. वेष्टनात पूर्ण खेळ आहे की केवळ चावी आहे, हे विचारून घ्या. जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २' यंत्राच्या काही कार्डांत खेळ नसतोच, तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगा. नकली माल उचलू नका, त्याचा भुर्दंड आम्ही भरलेला आहे. आणि नव्या गाजावाजापेक्षा दोन-तीन वर्षांनीही ज्याची विचारणा होते, तो खेळ मागवा.

आमची निवड विचाराल तर एकच नाव पुढे करू, 'स्टारड्यू व्हॅली'. आमच्या जुन्या दुकानातला मारिओ टिकला त्याचे कारण आज कळते. बनवणाऱ्याने त्यात कसर ठेवली नव्हती आणि घेणाऱ्याला ते न सांगता कळत होते. ९९९९ आकडा छापलेल्या कॅसेटींचे खोके आम्ही अखेर भंगारात दिले. त्यातून एक मारिओची कॅसेट मात्र बाजूला काढून ठेवली आहे.